मूल घरी बोलतं, शाळेत मुकं : पुण्यात मदत कुणाकडे आणि कशी शोधायची

आमची लेक साडेचार वर्षांची असताना तिच्या बालवाडीच्या बाईंनी मला फाटकाशी थांबवून विचारलं, "हिला बोलता येतं ना हो?" मला हसूच आलं. घरी हिची टकळी सुरू झाली की आजोबा कानातलं यंत्र काढून ठेवायचे. बाई मात्र हसल्या नाहीत. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांनी तिचा आवाजच ऐकला नव्हता.

त्यानंतरचं दीड वर्ष आम्ही चुकीच्या दारांवर घालवलं. तुमचं त्यातलं निम्मं तरी वाचावं म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान कसं करायचं ते इथे मिळणार नाही. निदान आणि उपचार करणारं माणूस पुण्यात कसं शोधायचं, कसं पारखायचं आणि त्याच्याकडून काय मागायचं, एवढंच सांगते.

या त्रासाला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, मराठीत निवडक मूकत्व. नावावरून वाटतं की मूल निवड करतंय. तसं नसतं. घरी मोकळेपणी बोलणाऱ्या मुलाचा आवाज ठरावीक जागी, ठरावीक माणसांसमोर भीतीने अडकतो. बोलायचं असतं, पण घसा उघडत नाही. या गैरसमजाला जुना इतिहास आहे. १८७७ साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी याची नोंद केली तीच 'स्वेच्छेने आलेलं मुकेपण' अशा अर्थाच्या नावाने. १९३४ मध्ये ट्रामर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी 'इलेक्टिव्ह म्युटिझम' म्हटलं, म्हणजे पुन्हा 'ठरवून गप्प' असाच सूर. मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत १९९४ साली 'सिलेक्टिव्ह' हा शब्द आला आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा त्रास चिंताविकारांच्या गटात गेला. हे सगळं सांगायचं कारण असं की जुन्या पुस्तकांवर शिकलेले काही जण अजूनही तुम्हाला ऐकवतील, "हट्टी आहे, लाड कमी करा." ते वाक्य ऐकलं की मनात २०१३ हे साल आठवा आणि नम्रपणे उठा.

दुसरी गोष्ट. हा त्रास शंभरात एका मुलात किंवा त्याहूनही कमी आढळतो. म्हणजे चांगल्या, अनुभवी तज्ज्ञानेही आजवर अशी दोनचारच मुलं पाहिलेली असू शकतात. त्यामुळे नावाजलेला माणूस आपल्या कामाचा असेलच असं नाही.

आधी वही, मग दवाखाना

कुठेही नंबर लावण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. मूल कुठे, कुणासमोर, काय चाललेलं असताना कसं बोललं, एवढंच लिहायचं. 'कसं' यात चार प्रकार धरा : नेहमीच्या आवाजात, कुजबुजत, खुणेने, काहीच नाही. आमच्या वहीत असं निघालं की लेक शाळेच्या आवारात माझ्याशी बोलते, पण वर्गाच्या उंबऱ्याला गप्प होते. व्हॅनमध्ये शेवटच्या सीटवर एका मैत्रिणीशी कुजबुजते. बिल्डिंगखाली मुलांशी बोलते, पण त्यातल्या एकाची आई आली की थांबते. 'ती शाळेत बोलत नाही' या एका वाक्यापेक्षा हे तपशील तज्ज्ञाला कितीतरी जास्त उपयोगी पडतात. उपचार सुरू होतो तो याच नकाशावरून.

सोबत घरचा दोनतीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, जेवताना किंवा भातुकली खेळताना, मुलाला 'बोलून दाखव' न म्हणता. मूल मोठं असेल तर त्याला विचारूनच घ्या. तज्ज्ञाला त्यातून भाषा, उच्चार, वाक्यं सगळं कळतं, कारण दवाखान्यात ते मूल तोंड उघडणार नाही. हा व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. 'बघा बघा, कशी बोलते' या कौतुकाने आमची लेक दोन महिने फोन दिसला की गप्प व्हायला लागली होती.

किती दिवस वाट पाहायची? निदानाचा निकष किमान एक महिन्याचा आहे आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत. पहिल्या महिन्यात बरीच मुलं मुखदुर्बळ असतात. पुण्यात आणखी एक गुंता असतो. लातूर-नांदेडहून वाकडला आलेलं, घरी फक्त मराठी ऐकलेलं मूल इंग्रजी शाळेत घातलं तर ते नवी भाषा कानात साठवत काही महिने गप्प राहू शकतं. ते वेगळं. फरक ओळखायची माझी साधी रीत : शाळेतल्या मावशींशी, व्हॅनवाल्या काकांशी ते मराठीत तरी बोलतं का? भाषेची अडचण असेल तर तिथे बोलेल. तिथेही दातखीळ बसत असेल, तर भाषेला दोष देत बसू नका.

मात्र एक प्रकार वाट पाहण्याचा नाही. सगळीकडे बोलणारं मूल अचानक घरीसुद्धा बोलेनासं झालं, येत असलेले शब्द विसरू लागलं, किंवा एखाद्या घटनेनंतर गप्प झालं, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. कुणी त्रास दिल्याची शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कानाची तपासणी टाळू नका

'घरी ऐकू येतं की' म्हणून आम्ही ती टाळली आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न आला. कमी प्रमाणातला बहिरेपणा शांत घरात लपतो, वर्गाच्या गोंगाटात उघडा पडतो. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन एकदा श्रवणतपासणी करून टाका, कागद फायलीत लावा, विषय संपला.

घरच्या वैद्यकीबद्दलही इथेच बोलून घेते. वेखंड मधात उगाळून चाटवा, जिभेखालचा दोरा कापून घ्या, हे सल्ले तुम्हाला मिळालेच असतील. दोरा आखूड असेल तर काही उच्चारांना त्रास होईल. पण घरी स्वच्छ बोलणारी जीभ शाळेच्या फाटकावर आखूड होत नाही.

कोण कोण असतं, आणि यातलं आपलं कोण

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण पुण्यात पाट्यांना तोटा नाही. 'चाइल्ड कौन्सेलर', 'मानसतज्ज्ञ', 'थेरपिस्ट', 'लाइफ कोच' हे सगळं एकाच जिन्यावर सापडतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे या त्रासातलं मुख्य माणूस. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर रुग्णालयात राहून दोन वर्षांचं एम.फिल. किंवा तत्सम शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी, ही त्यांची ओळख. ही परिषद १९९२ च्या कायद्याने झाली आहे. नोंदणीचा सीआरआर क्रमांक मागायला लाजू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. आम्ही फ्रिज घेताना वॉरंटी कार्ड तीनदा वाचलं आणि लेकीला मात्र पाटी बघून सोडून आलो होतो.

समुपदेशक या नावाला डॉक्टरांसारखी सक्तीची नोंदणी आपल्याकडे चालत आलेली नाही. त्यामुळे या पाटीमागे पंधरा वर्षं मुलांसोबत काम केलेली अतिशय जाणती बाईही असू शकते आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलं कुणीही. शिक्षण विचारा, मुलांसोबतचा अनुभव विचारा.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. त्यांचीही आरसीआय नोंदणी असते. लोक म्हणतात, 'हिला बोलता येतंच, मग स्पीच थेरपी कशाला?' निम्मं बरोबर आहे. पण यातल्या काही मुलांना उच्चारांची किंवा भाषेची अडचणही असते आणि भीतीच्या मुळाशी तीच असू शकते. शिवाय काही वाचातज्ज्ञ या त्रासावरच उत्तम काम करतात. फक्त 'क, का, कि' गिरवून घेणारे नकोत. ज्याला आवाज येतो त्याला आवाज शिकवून काय होणार!

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एम.बी.बी.एस. नंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि या त्रासात औषध लागलंच तर ते सहसा तेच देतात. मूल मोठं असेल, बराच काळ उपचार करूनही हलत नसेल, किंवा सोबत खूप उदासपणा, शाळेला अजिबात न जाणं असं काही असेल तर त्यांच्याकडे जावंच लागतं. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे मुलाच्या एकूण वाढ-विकासाचे डॉक्टर. स्वमग्नतेची वगैरे शंका असेल तर ती तपासायला ते योग्य, आणि दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. ऑक्युपेशनल थेरपी आवाज, गर्दी, स्पर्श यांचा मुलाला फार त्रास होत असेल तर जोडीला घेतात, मुख्य उपचार म्हणून नाही.

आणि बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखणारी डीएमआयटी, 'मिडब्रेन' जागं करणारे वर्ग, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे, यांना शास्त्रीय आधार नाही. ते पैसे दिवाळीच्या फराळावर घाला.

पुण्यात सुरुवात कुठून करायची

ज्यांना खाजगी फी परवडत नाही त्यांनी थेट सरकारी वाट धरावी, आणि परवडत असलं तरी एकदा तिथलं मत घ्यायला हरकत नाही. स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत, त्यामुळे कान, वाढ, मन हे एकाच आवारात होतं. महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थाही त्याच आवारात आहे. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण दिलं जातं. सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग असते. सोबत डबा, पाणी आणि मुलाच्या आवडीचं चित्रांचं पुस्तक ठेवा. औंधचं जिल्हा रुग्णालय पश्चिमेकडच्या लोकांना जवळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते, तेव्हा अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत मूल असेल तर त्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाबद्दल बाईंना जरूर विचारा. पिंपरी-चिंचवडकरांना संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय.

सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेचं नाव मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी पुणेकरांना परिचयाचं आहे. कान आणि वाचा यांसाठी धनकवडीला भारती विद्यापीठात श्रवण आणि वाचा यांचंच शिक्षण देणारी शाखा आहे. शिकवणाऱ्या संस्थांबद्दल माझं मत चांगलं आहे. शिकाऊ मुलगी पाऊण तास खाली मांडी घालून आमच्या लेकीसोबत ठोकळे रचत बसली होती, आणि मोठ्या डॉक्टरांना तेवढा वेळ कुठला!

काहीच सुचत नसेल, रात्री अकरा वाजता रडू फुटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लावा. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. तिथे मुलावर उपचार होणार नाही, पण तुमचं डोकं ठिकाणावर येईल आणि पुढे कुठे जायचं ते कळेल.

खाजगी तज्ज्ञ शोधताना अंतराचा विचार फीइतकाच करा. उपचार आठवड्याला एकदा, महिनोन् महिने चालतो. हडपसरहून बाणेरला संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये नेलेलं मूल तिथे पोचेपर्यंत अर्धं रडून झालेलं असतं. जवळचा बरा तज्ज्ञ लांबच्या नामवंतापेक्षा कधीही चांगला.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

हा फोन म्हणजे तुमची मुलाखत नाही, त्यांची आहे. मी शेवटी विचारायला शिकले ते प्रश्न हे.

"अशी मुलं आधी पाहिली आहेत का?" नाही म्हणाले तर लगेच फोन ठेवू नका. "नाही, पण चिंता असलेल्या मुलांसोबत काम करते, वाचून आणि वरिष्ठांना विचारून घेईन," असं म्हणणाऱ्या बाईंनीच शेवटी आमचं काम केलं. "हो, भरपूर, दोन सिटिंगमध्ये बोलती करतो," असं म्हणणाऱ्यांनी नाही.

"पहिल्या भेटीला मुलीला आणू का?" जाणता माणूस बहुतेक वेळा आधी आईवडिलांनाच बोलावतो. मुलासमोर त्याच्या न बोलण्याची चर्चा होऊ नये हे त्याला कळतं.

"ती तुमच्याशी बोललीच नाही तर काय कराल?" माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "काही नाही, खेळू," हे उत्तम उत्तर. "बोलायला तर लागेलच ना," हे वाईट.

"शाळेत याल का, निदान बाईंशी फोनवर बोलाल का?" याला नकार असेल तर माझा सल्ला, दुसरं दार शोधा. का, ते पुढे सांगते.

फी, सत्र किती मिनिटांचं, रद्द केलं तर पैसे कापतात का, हेही फोनवरच विचारून मोकळं व्हा. आपण मराठी माणसं पैशाचं शेवटी विचारतो आणि मग मनातल्या मनात कुढतो. विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण ज्या पॉलिसीत मुळात ओपीडीचा खर्चच नाही, तिथे आपली सत्रं बसत नाहीत.

एका चाचणीची गोष्ट

आमची मोठी ठेच इथे लागली. एका केंद्रात पहिल्याच दिवशी लेकीची बुद्धिमापन चाचणी घेतली. अनोळखी खोली, अनोळखी बाई, मी बाहेर. तिने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही आणि प्रत्येक गप्प प्रश्नापुढे शून्य पडलं. अहवालात बुद्ध्यंक इतका खाली आला की आम्ही दोघं रिक्षात एकमेकांशी बोललो नाही. त्या अहवालाची झेरॉक्स शाळेच्या फायलीत गेली, ती काढायला वर्ष लागलं.

बिने-कामतसारखी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी चाचणी बरीचशी तोंडी उत्तरांवर चालते. न बोलणाऱ्या मुलाची ती घेतली तर मोजली जाते ती भीती. रेव्हनच्या रंगीत आकृत्यांसारख्या चाचण्यांत मूल बोटाने उत्तर दाखवू शकतं. चाचणी घ्यायची ठरलीच तर आधी विचारा : ही कोणती, यात बोलावं लागतं का, आणि आत्ताच का? बहुतेक वेळा 'आत्ताच' हवी नसते.

उपचार चांगला चाललाय हे कसं ओळखायचं

पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल की आपण खेळायचे पैसे देतोय. बरोबर, तसंच असतं. तज्ज्ञ प्रश्न विचारत नाही, मुलाच्या खेळाचं नुसतं समालोचन करत राहतो, "अरे वा, लाल ठोकळा वर गेला," असं. उत्तराची अपेक्षा नाही, डोळ्यात रोखून बघणं नाही. भीती उतरली की मग प्रश्न येतात, तेही क्रमाने. 'हवं का?' याला मान हलवून भागतं. 'केळं की चिकू?' याला एक शब्द लागतो. म्हणून आधी पर्यायाचे प्रश्न आणि 'आज काय केलंस?' फार नंतर. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजत थांबायचं. ही पाच आकड्यांची शांतता आईला फार जड जाते, मी तर ओठ चावायचे. पण आपण मुलाच्या वतीने उत्तर दिलं की त्याची भीती पुन्हा एकदा जिंकते.

मूल बोललं की टाळ्या नाहीत, 'बोलली गं बाई माझी' नाही. "चिकू म्हणालीस, कळलं मला, घे," एवढंच. आणि नुसत्या कुजबुजीवर फार काळ समाधान मानू नका. तीच सवय होऊन बसते.

पण खरी कसोटी वेगळीच. मूल तज्ज्ञाच्या खोलीत बोलायला लागलं म्हणजे काम झालं असं नाही. आमची लेक दुसऱ्या एका ठिकाणी चार महिन्यांत मस्त बोलायला लागली, बाई खूश, आम्ही खूश. शाळेत मात्र तशीच मूग गिळून. आवाज त्या खोलीपुरता राहिला. चांगला तज्ज्ञ स्वतःशी बोलतं करण्यात अडकत नाही, तो आवाज खोलीबाहेर कसा न्यायचा ते आखतो. त्यासाठीची एक रीत मी डोळ्यांनी पाहिली.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी आणि लेक. आळीपाळीने एक ते दहा म्हणायचं : मी एक, ती दोन. आकडे सोपे, कारण त्यात काय बोलायचं हे ठरवावं लागत नाही. दार बंद. दुसऱ्या दिवशी दार उघडं आणि बाई लांब व्हरांड्यात. मग बाई दाराशी, पाठमोऱ्या. मग आत, वह्या तपासत. मग बाकावर. मग एक दिवस बाईंनी 'तीन' म्हटलं आणि लेकीने 'चार'. मग मी हळूहळू मागे सरकत दाराबाहेर. एकेका टप्प्याला पाचसात मिनिटं, कधी एकच टप्पा चार दिवस. आवाज घोगरा झाला की एक पाऊल मागे. याला जादू लागत नाही, रोज दहा मिनिटं देणारं शाळेतलं एक माणूस लागतं.

ते माणूस शाळेत मिळवायचं कसं

मुख्याध्यापकांना भेटा, पण तज्ज्ञाचं पत्र हातात घेऊन. तोंडी सांगितलं की 'सगळीच मुलं लाजतात हो' यावर चहा येतो आणि विषय संपतो. पत्रात आजाराचं लांबलचक वर्णन नको, काय करायचं ते हवं. हजेरीला हात वर केला तरी चालेल. तोंडी परीक्षा घरी रेकॉर्ड करून पाठवता येईल. परिपाठाला उभं करून बोलायला लावायचं नाही. 'बोलली नाहीस तर सुट्टी नाही' असल्या धमक्या नाहीत. शाळा ऐकतच नसेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ माहीत असू द्या. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास द्यायला त्यात बंदी आहे. पण कायदा पहिल्या भेटीत काढू नका, शाळेशी अजून दहा वर्षं काढायची असतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत मागा : स्वच्छतागृहाला जायचं कार्ड. ही मुलं 'शूला जाऊ?' विचारू शकत नाहीत. पाणी पीत नाहीत, दिवसभर धरून ठेवतात, कपडे ओले होतात, मग लघवीचा संसर्ग. लागलं, पडलं तरी सांगत नाहीत. बाकावर एक रंगीत कार्ड ठेवायचं, ते उचललं की न बोलता जायची मुभा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. लेकीचा डबा आणि बाटली रोज भरलेली परत का येते, हे कळायला सहा महिने गेले.

'ते माणूस' वर्गशिक्षिकाच असायला हवं असंही नाही. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना दहा मिनिटं कुठून मिळणार? शाळेतलं आमचं पहिलं नातं जुळलं ते मावशींशी. त्या सकाळी वर्ग उघडायच्या, आम्ही वीस मिनिटं आधी पोचायचो आणि लेक त्यांना खडू मोजून द्यायची. बाईंची पाळी त्यांच्यानंतर आली.

घरचे आणि दारचे

नातेवाइकांना एकदाच, मूल नसताना सांगा : तिला 'बोल ना' म्हणू नका, 'शिष्ट', 'घुमी' म्हणू नका, बोलली तर चकित होऊ नका. हळदीकुंकवाला आणि गणपतीत दारात आल्या आल्या 'काकूंना नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव' सुरू होतं. पाहुणे येण्याआधी मूल घरात खेळत असू द्या, त्यांनी येऊन पंधरा मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही. आरतीत मात्र आमची लेक सगळ्यांसोबत जोरात म्हणायची, कारण तिथे एकटीचा आवाज नसतो. ती शिडीतली फुकटची पायरी होती.

सरावाला दुकान उत्तम. गर्दी नसलेली वेळ गाठा. आधी पैसे तिने द्यायचे, मग बोटाने दाखवायचं, मग "खारी की टोस्ट?" असं मी तिलाच विचारायचं आणि दुकानदाराला ऐकू जाईल इतपत तिने सांगायचं. पीएमपीत कंडक्टरला 'एक अर्धं' म्हणायला आम्हाला सात महिने लागले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तिकीट फाडून पुढे गेले. तेच सगळ्यात छान झालं.

औषधाचं काय

खास या त्रासाचं असं औषध नाही. चिंतेवरची फ्लुओक्सेटिनसारखी औषधं काही मुलांना देतात, विशेषतः वर्तनोपचाराने, म्हणजे वर सांगितलेल्या टप्प्याटप्प्याच्या सरावाने, पुरेसं हलत नसेल तेव्हा. ती सहसा मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, कमी मात्रेपासून सुरू करतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषधाने मूल बोलत नाही, भीतीचा आवाज थोडा खाली येतो आणि वरच्या सगळ्या पायऱ्या चढणं जमायला लागतं. म्हणून नुसतं औषध आणि सराव नाही, असं करू नका. मनाने बंदही करू नका. सुरुवातीच्या दिवसांत झोप, चिडचिड, वागण्यातला बदल वहीत लिहा आणि काही वेगळं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा. आमच्यावर ही वेळ आली नाही, पण आमच्यासोबत बसणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलाला त्याचा चांगला उपयोग झाला. त्या वयाच्या मुलाला उपचारात स्वतःचं मत असू द्यावं लागतं, पुढची पायरी कोणती ते त्यालाच ठरवू द्यायचं. ठोकळ्यांवर ते येणार नाही.

किती दिवस द्यायचे, कधी सोडायचं

दर महिन्याला जुनी वही काढा आणि नव्या पानाशी ताडून बघा. नवं माणूस, नवी जागा, नवा प्रकार, यातलं एक तरी वाढलं असेल तर चाललंय. दहाबारा सत्रं नियमित होऊन आणि घरचा सराव करूनही वही जागची हलली नसेल, तर तज्ज्ञाला सरळ विचारा, "आपण काही बदलायचं का?" याचा राग न येणारे तज्ज्ञ चांगले. मधूनच सोडू नका, निरोप घेऊन, अहवाल घेऊन सोडा. नाहीतर नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि जून सांभाळा. नवी इयत्ता, नवा वर्ग, नव्या बाई म्हणजे मूल दोन पायऱ्या खाली घसरतंच, आमचं दर वर्षी घसरलं. त्यासाठी एप्रिलमध्येच शाळेत जाऊन पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षिका कोण हे विचारून ठेवा. 'अजून ठरलं नाही' हे उत्तर मिळेल. मे अखेरीस पुन्हा विचारा. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी, बाकं झाडणं चालू असताना, रिकाम्या वर्गात मुलाला तासभर खेळू द्या, फळ्यावर रेघोट्या ओढू द्या, आणि नव्या बाई तेवढ्यात सहज डोकावल्या तर त्यांना आधीच सांगून ठेवा की काही विचारायचं नाही.